नऊ सेकंदांची हाक

ऐकणं हे माझं काम. बोलायची ही पहिलीच वेळ, तेव्हा कुठे अडखळलो तर सांभाळून घ्या. मी एक हेडफोन आहे. कानांवर बसणाऱ्या दोन गोल गाद्या, डोक्यावरून जाणारी एक पट्टी आणि डावीकडून तोंडापुढे येणारी माइकची काडी, एवढाच माझा देह. डोळे मला दिलेले नाहीत. त्यामुळे मी जे सांगणार ते सगळं कानावर पडलेलं आहे. पण माझ्याइतक्या जवळून ते दुसऱ्या कोणी ऐकलेलं नाही. आणि एक आधीच सांगून टाकतो, यातलं बरंचसं मला अजून कळलेलं नाही.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांबलचक टेबलावर झाला. एका बाईनं तारा जोडल्या, दुसरीनं गाद्या बसवल्या, तिसरीनं मला कानाला लावून ‘एक, दोन, तीन’ म्हटलं. तिचं तिलाच स्वच्छ ऐकू आलं, तेव्हा मला खोक्यात घातलं. माझ्याकडून काय हवंय ते मला तिथंच समजलं. जसं आत येईल तसं पोचवायचं, पदरचं काही घालायचं नाही. हा नियम मी आजवर मोडलेला नाही.

माझी पहिली मालकीण एक ताई होती. ती घरी बसून कपडे धुण्याच्या मशीनच्या तक्रारी घ्यायची. लोक तिच्यावर असे ओरडायचे, जणू तिनंच त्यांच्या घरी जाऊन मशीनचा पाइप उपटून ठेवला होता. ताई ‘हो सर, समजलं सर’ म्हणायची, मग माइक बंद करून म्हणायची, ‘बोल बाबा, बोल, मोकळा हो’, आणि माइक सुरू करून पुन्हा ‘हो सर’. दीड वर्षात माझं जे काही शिक्षण झालं ते एवढंच: ओरडतो तो चिडलेला असतो, हसतो तो खूश असतो. पुढे या शिक्षणाचा मला काडीचा उपयोग झाला नाही.

ताईला ऑफिसात नोकरी लागली, तिथं तिला नवा हेडफोन मिळाला. मग तिनं मला धाकट्या भावाच्या डोक्यावर चढवलं. घरात सगळे त्याला धाकटाच म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो. तो कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होता. मुलगा गुणी. आई दाताच्या दवाखान्यात दिवसभर उभी राहून डॉक्टरांच्या हातात हत्यारं द्यायची. ती घरी आली की हा म्हणायचा, ‘पाय वर घेऊन बस, चहा मी टाकतो.’ शेजारच्या काकूंना मोबाइलवरची अक्षरं मोठी कशी करायची ते त्यानं चार वेळा शिकवलं, एकदाही आवाज चढवला नाही. मी तेव्हा त्याच्या गळ्यातच होतो. हे मुद्दाम सांगतोय. पुढचं ऐकताना तुम्हाला वाटेल की मुलगाच वाईट होता. तसं असतं तर मीही कधीच गप्प बसलो असतो, सांगायला काही उरलंच नसतं.

कॉलेजातून आला की पाच ते सात कॉम्प्युटरवर ऑनलाइन खेळ. चौघांची टोळी. धाकट्याचं खेळातलं नाव वादळ. त्याच्या वर्गातले दोघं, एक गरुड आणि एक फटाका. चौथी एक मुलगी होती, त्याच कॉलेजातली पण दुसऱ्या शाखेची. तिचं नाव खारूताई. बाकीचे तिघं बंदुका घेऊन धावत सुटायचे. ही मागं राहून पडलेली औषधं, गोळ्या, दोर असं सगळं गोळा करायची आणि वाटत बसायची. ‘वादळ्या, तुझ्यासाठी पट्टी ठेवलीय, उत्तरेकडच्या झोपडीत. गरुडला सांगू नकोस, तो दोन घेतो.’ बोलायची भरभर. आणि घाबरली की तिचा आवाज वर चढत जाऊन शिट्टीसारखा बारीक व्हायचा.

माझा पहिला गोंधळ तिथं उडाला. ही मुलं एकमेकांवर ताईच्या गिऱ्हाइकांपेक्षा मोठ्यानं ओरडायची. ‘मेलास तू, मेलास, आता बघ तुला!’ आणि लगेच चौघं खो खो हसायची. म्हणजे ओरडणारा खूश असू शकतो तर. मी माझं शिक्षण दुरुस्त करून घेतलं. इथं सगळंच हसण्यासाठी असतं, असं मनाशी ठरवलं.

मग कॉलेजांमधली स्पर्धा आली. शनिवारची दुपार, शेवटचा सामना. गरुड आणि फटाका आधीच बाद झाले होते. खारूताई एका पडक्या घरात अडकली आणि बाहेरून पावलं जवळ यायला लागली. तिचा आवाज चढत गेला. ‘अरे कोणीतरी या ना. मला वाचवा ना. आई गं, मला वाचवा ना!’ धाकटा तिथून जवळच होता. तो दुसऱ्या कोणाच्या मागे धावत राहिला, आणखी एक बळी आपल्या नावावर लागावा म्हणून. दोन मिनिटांत दोघंही बाद. गरुड एवढंच म्हणाला, ‘घालवली.’ कोणी घालवली ते त्यानं सांगितलं नाही, पण खारूताईनं ‘सॉरी’ म्हटलं. धाकट्यानं काहीच म्हटलं नाही.

आपले चांगले नेम पुन्हा बघता यावेत म्हणून धाकटा नेहमी सगळं रेकॉर्ड करून ठेवायचा. रविवारी दुपारी जेवण झाल्यावर त्यानं मला कानावर घेतलं आणि तेवढा तुकडा काढला. तो मागे-पुढे केला, ‘वाचवा ना’ तीनदा लागोपाठ जोडलं, त्याखाली ढोलासारखा ठेका टाकला, वर खारीचं चित्र लावलं, असं मागाहून कळलं. सगळं मिळून नऊ सेकंद. ही सगळी कारागिरी माझ्यातूनच चालली होती. तिचा आवाज मी किती वेळा वाहिला, त्याची मोजदाद नाही. आणि धाकटा हसत होता, अगदी पोट धरून. कालपासून गप्प गप्प असलेला मुलगा हसतोय म्हणून मला बरं वाटलं. हेही सांगून टाकतो, लपवत नाही.

तो त्यानं फक्त गरुड आणि फटाक्याला पाठवला. ‘आपल्यातच ठेवा हं.’ गरुड म्हणाला, ‘हो रे, आपल्यातच.’

सोमवारी संध्याकाळपर्यंत तो इंटरनेटवरच्या कॉलेजच्या पानावर होता. मंगळवारी खेळताना बोलायच्या लाइनवर कोणी अनोळखी मुलगा आला आणि आवाज बारीक करून म्हणाला, ‘मला वाचवा ना.’ मग दुसरा आला. मग रोज कोणी ना कोणी. आवाज वेगवेगळे, शब्द तेच. मी चक्रावून गेलो. हे शब्द एका मुलीच्या तोंडून एकदाच निघाले होते. आता ते इतक्या तोंडांतून कसे येत होते?

खारूताई पहिले दोन दिवस त्यांच्याबरोबर हसली. माझ्यासारखंच तिनंही बहुतेक ठरवलं असावं, की इथं सगळं हसण्यासाठी असतं. गुरुवारी ती फक्त धाकट्याशी बोलायला आली, बाकीच्या दोघांना वगळून. ती सांगत होती, वर्गात हजेरीला तिचं नाव आलं तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी ते लावलं, आणि बाईसुद्धा हसल्या. बाईंना काही माहीत नव्हतं, नुसता आवाज ऐकून हसल्या. कॅन्टीनमध्ये मुलं ‘वाचवू का?’ म्हणून विचारतात. कोणीतरी आता खारीच्या जागी तिचा फोटो लावलाय आणि खाली फोन नंबर टाकलाय, तेव्हापासून फोन थांबत नाही. हे सगळं तिनं भरभर नाही, एकेक शब्द ठेवत सांगितलं.

‘हे गरुडनंच केलंय,’ ती म्हणाली. ‘तुला काय वाटतं?’

धाकटा म्हणाला, ‘असेल.’

‘तू तसा नाहीस म्हणून तुला सांगतेय.’

‘लक्ष नको देऊस. चार दिवसांत विसरतील सगळे.’

माझ्या गाद्यांखाली त्याचे कान तव्यासारखे तापले होते. पानावर टाकलं ते गरुडनंच, म्हणजे ‘असेल’ हे शब्दाला धरून खोटं नव्हतं. मग कान का तापावेत? मला ते जुळेना.

त्यानंतर खारूताई आली नाही. आठ दिवस गेले, पंधरा गेले. कॉलेजातही कोणाला दिसली नव्हती. धाकटा पाचला मला चढवायचा आणि खेळ उघडून नुसता बसायचा. एकदा त्यानं गरुडला म्हटलं, ते काढून टाक. गरुड म्हणाला, ‘मी काढलं तरी पाचशे जणांकडे आहे. आणि साहेब, बनवलं कोणी?’ धाकट्यानं पुन्हा तो विषय काढला नाही. आईनं दोनदा विचारलं, जेवण का जात नाही; त्यानं परीक्षेवर ढकललं.

मग एका संध्याकाळी तिघं लाइनवर असताना ‘टिंग’ वाजलं. कोणी आत आलं की तसं वाजतं. फटाका म्हणाला, ‘अरे, खारूताईचं नाव लागलं.’ गरुडनं लगेच आवाज बारीक केला, ‘मला वाचवा ना!’

पलीकडून कोणीतरी खाकरलं. जाड, वयस्क, पुरुषाचा आवाज.

‘हॅलो. इथं बोललं की ऐकू जातं का?’

फटाका कुजबुजला, ‘कोण रे हे?’

‘मी तिचा बाबा. तिच्या कॉम्प्युटरवर बसलोय, तिला सांगितलेलं नाही. ती आत झोपून असते. कॉलेजला जात नाही, जेवायला बाहेर येत नाही, विचारलं की काही नाही म्हणते. तुम्ही तिचे मित्र ना? रोज हसण्याचा आवाज यायचा म्हणून म्हटलं, तुम्हाला विचारावं. तिला काय झालंय, कोणाला ठाऊक आहे का?’

टक्. गरुड गेला. टक्. फटाकाही गेला. धाकट्याच्या श्वासाशिवाय मला काही ऐकू येईना.

‘नाही काका,’ तो म्हणाला. ‘मला नाही माहीत.’

‘बरं. दोघं गेले वाटतं. तू तरी थांबलास.’ मग त्यांनी सांगितलं की कॉलेजच्या मागच्या रस्त्यावर चष्म्याचं दुकान आहे, तिथं आतल्या बाजूला ते काचा घासायच्या मशीनवर असतात. काही कळलं तर ये. ‘हे बंद कुठून करायचं, बाळा?’ धाकट्यानं त्यांना बटण कुठे आहे ते सांगितलं. हळू आवाजात, नीट समजावून, काकूंना अक्षरं शिकवली होती तसं.

पुढचे दोन दिवस तो त्या रस्त्यानं दोनदा गेला आणि दोनदा तसाच परत आला. कॉलेजचा गलका, मग मशीनची लांबून घरघर, मग पुन्हा गलका. मी गळ्यातून एवढं ऐकत होतो.

शनिवारी ताई ऑफिसातून हसत हसतच घरात शिरली. ‘हे ऐकलंस का? आमच्याकडे सगळ्यांच्या फोनवर आहे. म्हणे तुमच्याच कॉलेजातली कोणी आहे.’ आणि तिनं फोनवर ते लावलं. ठेका, मग ‘वाचवा ना, वाचवा ना, वाचवा ना’.

धाकटा म्हणाला, ‘ते मी बनवलंय.’

ताईचं हसू लगेच थांबलं नाही, हळूहळू विरत गेलं. मग त्यानं सगळं सांगितलं, पडक्या घरापासून चष्म्याच्या दुकानापर्यंत. ताईनं मध्ये एकही शब्द घातला नाही. तिला सवय होती ऐकून घ्यायची. शेवटी म्हणाली, ‘मला वाटलं, कोणी नटीबिटीनं मुद्दाम केलंय. मी सकाळपासून चार वेळा हसले रे.’

‘चप्पल घाल,’ ती म्हणाली.

‘कुठे?’

‘दुकानात. आत तू एकट्यानं जायचं. मी रस्त्यावर उभी राहते.’

दुकानात मशीनची घरघर आणि काचेवर पडणाऱ्या पाण्याचा बारीक आवाज. ‘ये, ये,’ बाबा म्हणाले, ‘काही कळलं का?’ आवाज नुसत्या आशेनं भरलेला. धाकट्यानं माझी तार फोनला लावली आणि मला त्यांच्या हातात दिलं. त्यांचे हात ओले होते. ते त्यांनी कुठेतरी पुसले आणि मला कानावर बसवलं. तिथले केस विरळ होते.

नऊ सेकंद. मी पदरचं काही घातलं नाही, काही काढलंही नाही. ते म्हणाले, ‘पुन्हा लाव.’ पुन्हा नऊ सेकंद. मग त्यांनी मला काढून गळ्यात तसंच राहू दिलं.

‘हा तर तिचा आवाज.’

‘हो.’

‘हे कोणी केलं?’

‘मी.’

मशीन चालूच होतं. मला वाटलं आता ओरडतील; ताईच्या गिऱ्हाइकांवरून तेवढं मला ठाऊक होतं. ते ओरडले नाहीत.

‘मला एक सांग,’ ते म्हणाले. ‘मी खरंच विचारतोय, राग काढायला नाही. यात हसायचं कुठे आहे? लोक हसतात म्हणतोस, तर असेल काहीतरी. मला दाखव. माझं वय झालंय, मला कळत नसेल.’

धाकट्यानं प्रयत्न केला. ‘म्हणजे काका… तो आवाज असा बारीक होतो ना.’

‘होतो. घाबरली की होतो, अगदी लहानपणापासून. बरं, मग?’

‘मग ते… पुन्हा पुन्हा येतं.’

‘म्हणजे ती पुन्हा पुन्हा घाबरते.’

‘हो.’

‘आणि कोणी जात नाही.’

धाकट्याची चप्पल फरशीवर घासली.

‘नाही सापडलं मला,’ बाबा म्हणाले. ‘तुला सापडतंय का?’

तेव्हा तो रडायला लागला. बाबांनी मशीन बंद केलं. इतकी शांतता झाली की रस्त्यावर ताईच्या चपलांची चुळबुळ मला ऐकू आली. त्यांनी त्याला जवळ घेतलं नाही, की हाकलूनही दिलं नाही. म्हणाले, ‘रडू नकोस असं मी म्हणणार नाही. सोमवारी मी कॉलेजात येतो. तिथं जे सांगायचं ते तू सांगायचंस. मी नुसता शेजारी बसेन.’

सोमवारी तसंच झालं. मला दप्तरात कोंबलं होतं, त्यामुळे अर्धवटच ऐकलं. विभागप्रमुख बाईंनी प्रश्न विचारले, धाकट्यानं सगळ्यांची उत्तरं दिली, ‘असेल’ हा शब्द एकदाही वापरला नाही. तिघांनाही पंधरा दिवस वर्गाबाहेर ठेवलं आणि स्पर्धेतून कायमचं काढलं. गरुडचे वडील म्हणाले, पोरांची मस्करी आहे, एवढं काय त्यात. आईनं घरी धाकट्याशी तीन दिवस अबोला धरला आणि चौथ्या दिवशी म्हणाली, चहा टाक.

खारूताई दीड महिन्यानं कॉलेजात आली. तिनं नंबर बदलला होता. धाकट्यानं एक पत्र लिहून दुकानात दिलं होतं. बाबा म्हणाले, तिनं वाचलं, काही बोलली नाही. मग तो दारात घुटमळला, तेव्हा म्हणाले, ‘थांबून काय होणार? काही बोलली नाही, म्हणजे नाही बोलली.’

कॉलेजच्या पानावरून ते गेलं. पण कुठल्या कुठल्या अनोळखी लोकांकडे ते अजून फिरतंय. कोणी मांजराच्या व्हिडिओखाली लावतं, कोणी पडणाऱ्या बाळाच्या. धाकटा आता पाच ते सात खेळत नाही. परवापरवापर्यंत त्या वेळात मला चढवून ते शोधत बसायचा आणि सापडेल तिथं काढून टाका म्हणून कळवायचा. कोणी काढायचे, कोणी उलट त्यालाच शिव्या घालायचे. तीच नऊ सेकंदं, तेच कान, आणि पोचवणारा मीही तोच. आवाजात तिळभरही फरक पडलेला नाही, याची ग्वाही मी देतो. त्या रविवारी तो हसला होता, आता ते ऐकताना त्याचा श्वास अडकायचा. मग बदललं ते नक्की काय, आणि तेव्हा ते कुठे होतं?

गेल्या बुधवारी शोधता शोधता त्यानं सहज खेळ उघडला. थोड्या वेळानं ‘टिंग’ वाजलं. या वेळी खाकरणं नव्हतं. नुसता श्वास, आणि तो मी ओळखला. धाकट्यानंही ओळखला, कारण त्याचा थांबला.

‘रेकॉर्डिंग चालू आहे?’ तिनं विचारलं. आवाज बारीक नव्हता, सरळ होता.

‘नाही,’ तो म्हणाला.

‘मला कसं कळणार?’

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. दुकानात मशीन बंद करण्याआधी तिच्या बाबांनी विचारलं होतं, तसंच हे खरोखरचं विचारणं होतं. खेळातला वारा तेवढा वाहत होता. ती थांबली होती, मला ऐकू येत होतं. मग टक्. गेली.

माझं म्हणाल तर माझी डावी गादी फाटलीय, आतला फोम बाहेर येतो. माइकची काडी चिकटपट्टीनं बांधलीय. ताई म्हणते नवा घे, तो नको म्हणतो. त्या दिवसापासून त्यानं मला कानावर घेतलेलं नाही. टेबलावर पडून मी तोच प्रश्न घोळवतोय. रेकॉर्डिंग खरंच बंद होतं, मला ठाऊक आहे. पण मी ते सांगितलं असतं, तरी तिनं माझ्यावर का विश्वास ठेवावा? सामन्याच्या त्या शनिवारी तिची हाक मीच तर पुढे पोचवली होती.

तेव्हा तुम्हालाच विचारतो. तुमच्याही कानांवर माझ्यासारखं कोणीतरी बसत असेल. त्या मुलीला द्यायला एखादं उत्तर तुमच्याजवळ असेल, तर माइक जवळ घ्या आणि सावकाश सांगा. मी ऐकतोय.